तोफेच्या मागे

घराच्या भिंतीला किती हादरा चालतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. खाणीबाहेरच्या साध्या राहत्या घरापाशी जमिनीची थरथर मंद, म्हणजे ८ हर्ट्झच्या खालची असेल, तर तिचा वेग सेकंदाला ५ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. ८ ते २५ हर्ट्झला १०, त्यापुढे १५. देऊळ किंवा जुनी नाजूक वास्तू असेल तर २, ५ आणि १०. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७च्या परिपत्रकातला हा तक्ता खाणीवर सुरुंगांचं काम बघणारा इंजिनियर म्हणून मी उमेदीच्या वयात पाठ केला. त्यानंतर गोव्यातल्या डिचोली-सत्तरीकडच्या कितीतरी अंगणांत तुळशी वृंदावनाशेजारी खड्डा करून मी हादरा मोजणारा जिओफोन पुरला. तुमच्या सुरुंगाने भिंतीला तडा गेला, अशी तक्रार आली की यंत्र घेऊन जायचं. घरमालक हात मागे बांधून उभा, बायका दारात, आणि सगळ्यांचे डोळे यंत्रातून बाहेर येणाऱ्या कागदाच्या पट्टीवर. पट्टीवर आकडा मर्यादेच्या आत दिसला की मी सुटायचो, आणि घरमालकाला मात्र आपण फसवले गेलो असं वाटत राहायचं. दोघांचंही थोडं थोडं बरोबर असायचं.

त्या यंत्राला एक मायक्रोफोनही असतो. जमिनीतला हादरा जिओफोन टिपतो, हवेतून येणारा दाब मायक्रोफोन. त्याचा आकडा पट्टीच्या एका कोपऱ्यात छापला जाई आणि तो वाचायची तसदी सहसा कुणी घेत नसे. खिडकीची तावदानं फारच खणखणली तर तेवढ्यापुरती विचारणा. हवेतून आलेला दाब माणसाच्या डोक्यात शिरून काय करतो, हे विचारण्याचा रिवाजच नव्हता.

खाणीवर तशी गरजही कमी. सुरुंग लावणारा माणूस उडणाऱ्या दगडाला भितो. भोकं भरून झाली, माती ठासली, तारा जोडल्या, की भोंगा वाजतो, रस्त्यावर लाल बावटे लागतात, आणि सगळे तीनशे-पाचशे मीटर लांब, आडोशाला. दगडाच्या भीतीने माणूस पळतो आणि त्यात त्याचं डोकंही वाचतं. स्फोटाचा दाब अंतराबरोबर भराभर उतरतो, त्यामुळे लांब जाणं हाच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला उपाय.

तोफेवरच्या माणसाला लांब जाता येत नाही. पुढचा गोळा त्यालाच भरायचा असतो.

माझे भावोजी, थोरल्या बहिणीचे यजमान, तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. १९९९च्या उन्हाळ्यात ते द्रासच्या बाजूला बोफोर्सवर होते. बोफोर्सचा १५५ मिलिमीटरचा गोळा बेचाळीस-त्रेचाळीस किलोचा. पंधरा सेकंदांच्या आत तीन गोळे सोडण्याची तिची क्षमता, आणि कारगिलच्या त्या दोन-अडीच महिन्यांत आपल्या तोफखान्याने सगळे मिळून सुमारे अडीच लाख गोळे, उखळी बॉम्ब आणि रॉकेटं डागली, असं सांगितलं जातं. तोलोलिंग १३ जूनला घेतलं, टायगर हिल ४ जुलैला. आपण टीव्हीवर शिखरावरचा तिरंगा पाहिला. खाली दरीत ज्यांनी दिवसरात्र गोळे भरले, त्यांचे चेहरे कुणाला फारसे आठवत नाहीत. भावोजींना त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते भलत्याच गोष्टीचं: त्यांना नाटकातलं पाठांतर राहत नाही याचं.

गोव्याबाहेरच्या वाचकाला याचं गांभीर्य कदाचित कळणार नाही. आमच्याकडे जत्रेला गावातल्या हौशी मंडळींचं मराठी नाटक हे देवाच्या पालखीइतकंच गृहीत धरलेलं असतं. भावोजी सुट्टीवर यायचे तेच मुळी जत्रा साधून. तालमीला चार रात्री मिळाल्या तरी त्यांचा अख्खा अंक तोंडपाठ. ऐतिहासिक नाटकातली पानभर लांबीची स्वगतं ते प्रॉम्प्टरकडे न बघता म्हणायचे, वर सहकलाकाराचं चुकलं तर सावरून घ्यायचे. कारगिलनंतर दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी ते रंगमंचावर उभे राहिले आणि मधल्या एका वाक्यावर गाडी अडली ती सुटेचना. प्रॉम्प्टर ओरडून वाक्य सांगतोय, समोर गाव बसलंय, आणि हे दिव्याकडे बघत डोळे किलकिले करतायत. त्यानंतर त्यांनी तोंडाला रंग लावला नाही.

घरात हळूहळू बाकीचं दिसू लागलं. ट्यूबलाइट सहन होत नाही. कानात रातकिडे चोवीस तास. झोप तुटक. पिशवी घेऊन बाजाराला जायचं आणि काय आणायचं ते विसरून परत यायचं. आणि राग; तोही असा की भांड्याचा आवाज झाला तरी उसळायचा, आणि पाच मिनिटांनी स्वतःलाच त्याची लाज वाटायची. गावाने आधी दारूचा संशय घेतला. ते थेंबही घेत नाहीत हे लक्षात आल्यावर ‘मिलिटरीवाला तो, तापट असायचाच’ यावर सगळ्यांचं समाधान झालं. ताईने देवाला कौल लावून पाहिला. पुढे शहरात नेऊन डोक्याचा स्कॅन केला. रिपोर्टात सगळं नॉर्मल. कानाचं नुकसान तेवढं तपासणीत सापडलं आणि कागदावर चढलं, कारण कानासाठी यंत्र आहे, आलेख आहे, टक्केवारी आहे.

कानाच्या मर्यादा तर आमच्या धंद्यातही आहेत. १४० डेसिबलच्या वरचा ठोका उघड्या कानावर पडू नये. १४० डेसिबल म्हणजे दाबाच्या भाषेत २०० पास्कल. आणि अमेरिकी लष्कर जवानांच्या बाबतीत धोक्याची खूण म्हणून जो आकडा धरतं तो ४ पीएसआय, म्हणजे चौरस इंचावर चार पौंड दाब, साधारण २७,६०० पास्कल, रोजच्या हवेच्या दाबाच्या पाव पटीहून थोडा जास्त. दोन आकड्यांत सुमारे १४० पटींचं अंतर! कानाचा पडदा फाटायला लागतो तो ५ पीएसआयच्या आसपास. म्हणजे डोक्यासाठी धरलेली खूण आणि पडदा फाटण्याची पातळी यांत जेमतेम एका पीएसआयचा फरक आहे. कानात बोळे घातले की कानाचं काम बरंचसं भागतं. कवटीला बोळे घालता येत नाहीत.

स्फोटाच्या लाटेबद्दल लोकांची कल्पना मोठ्या आवाजाची असते. ती लाट तशी नसते. आवाजात हवेचा दाब चढतो-उतरतो. स्फोटाच्या लाटेत तो मायक्रोसेकंदांत सरळ उभा कडा चढावा तसा चढतो, ध्वनीपेक्षा जास्त वेगाने पुढे येतो, मग उतरताना नेहमीच्या दाबाच्याही खाली जातो आणि क्षणभर ओढ निर्माण करतो. भिंत, बंकर, खडक समोर असेल तर परावर्तन होऊन तीच लाट पुन्हा भेटते. बंद जागेत म्हणूनच घात जास्त. तोफेच्या नळीच्या तोंडाशी ब्रेक बसवलेला असतो. मागे बसणारा धक्का त्याने कमी होतो, पण त्यासाठी तो बाहेर पडणारा वायू बाजूला आणि मागे वळवतो, म्हणजे तोफेवरच्या माणसांच्या दिशेने. तोफ वाचवण्याची ही युक्ती इंजिनियर म्हणून मला आवडते. भावोजींचा मेव्हणा म्हणून नाही.

आता मुद्दा असा, की लाट डोक्याला भिडते तेव्हा इजेसाठी डोकं हलावंही लागत नाही. मुष्टियोद्ध्याचं डोकं झटक्याने फिरतं आणि मेंदू आत घुसळला जातो. तो वेगळा प्रकार. स्फोटाची लाट कवटीतून थेट आत जाते, कवटी किंचित लवते, आणि छातीवर पडलेला दाब रक्तवाहिन्यांतून वर चढतो असाही एक विचार आहे. एकाच स्फोटात शुद्ध हरपली तर ती जखम सगळे मानतात. शुद्ध न हरपता, दिवसाला कितीतरी वेळा, महिनोन्महिने हे होत राहिलं तर काय, हा प्रश्न मात्र शंभरहून जास्त वर्षं लोंबकळत राहिला.

त्याची सुरुवात फेब्रुवारी १९१५ची. लॅन्सेटमध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरने तीन सैनिकांची हकीकत छापली. जवळ गोळे फुटलेले, अंगावर म्हणावी अशी जखम नाही, आणि स्मृती, दृष्टी, वास, चव यांत बिघाड. शीर्षकात त्याने ‘शेल शॉक’ म्हटलं आणि ते जगभर गेलं. लंडनचा रोगनिदानतज्ज्ञ फ्रेडरिक मॉट याने बाहेरून जखम नसताना मेलेल्या सैनिकांचे मेंदू तपासले, त्यांत त्याला सुईच्या टोकाएवढे रक्तस्राव दिसले. म्हणजे काहीतरी फुटत होतं, तुटत होतं. पण लवकरच गोळ्याच्या जवळपासही न गेलेले सैनिक तशाच तक्रारी घेऊन यायला लागले, आणि ब्रिटिश लष्करापुढे पेन्शनचा प्रश्न उभा राहिला. मग कागदावर दोन अक्षरं आली. शत्रूच्या गोळ्याने झालं असेल तर ‘डब्ल्यू’, म्हणजे जखमी. त्याला गणवेशावर लावायची जखमेची पट्टी मिळे आणि पेन्शनचा हक्क. नाहीतर ‘एस’, म्हणजे आजारी. त्याला यातलं काही नाही. कोण कुठल्या रकान्यात, हे ठरवायचं कारकुनाने आणि अधिकाऱ्याने, मेंदू आत कसा आहे हे कुणालाच दिसत नसताना. १९१७ मध्ये तर शेल शॉक हे निदान लिहायलाच बंदी झाली. लिहायचं असं: ‘अद्याप निदान न झालेलं, मज्जाविषयक’.

ही कारकुनी ज्यांच्या जिवावर बेतली त्यांत हॅरी फार हा एक साधा शिपाई होता. १९१५ मध्ये शेल शॉकसाठी इस्पितळात राहिलेला. ऑक्टोबर १९१६ मध्ये भ्याडपणाच्या आरोपाखाली त्याला पहाटे गोळ्या घातल्या. त्याच्यासारख्या ३०६ जणांना ब्रिटिश सरकारने माफी दिली ती २००६ मध्ये. आपल्याकडच्या मराठा पलटणी त्याच युद्धात मेसोपोटेमियात होत्या, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या, बरेच जण कैदेत गेले. जे कोकणात, देशावर परत आले त्यांच्या घरीही कौल लागले असतील.

पहिल्या महायुद्धानंतर वारं मनाच्या बाजूने वाहिलं. हे दुखणं भीतीचं, शोकाचं, झोप न मिळाल्याचं आहे, असा निकाल लागला. पुढे त्याला आघातोत्तर तणाव, म्हणजे पीटीएसडी, म्हणायला लागले. तो निकाल खोटा नव्हता. पण त्या निकालाने मॉटचे रक्तस्राव कपाटात गेले, आणि ते कपाट उघडायला इराक-अफगाणिस्तानमधले रस्त्याकडेचे बॉम्ब लागले. जवान वाचत होते, चिलखत चांगलं होतं, पण घरी परतलेला माणूस घरच्यांना ओळखू येत नव्हता.

२०१६ मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजीत डॅनियल पर्ल आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. हे पर्ल मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथल्या लष्करी वैद्यकीय विद्यापीठातले मेंदूविकृतितज्ज्ञ. स्फोट सोसून पुढे केव्हातरी वारलेल्या पाच सैनिकांचे मेंदू त्यांनी तपासले, आणि स्फोटानंतर थोड्याच दिवसांत दगावलेल्या तिघांचे. पाचही जणांत एकाच प्रकारचे व्रण होते. मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशी जखमेच्या जागी व्रण धरतात. ते व्रण इथे विखुरलेले नव्हते, सीमारेषांवर होते. करडा आणि पांढरा भाग जिथे भेटतात ती रेषा. मेंदूच्या पृष्ठभागाखालचा, मेंदूभोवतीच्या पाण्याला लागून असलेला थर. रक्तवाहिन्यांच्या भोवती. मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडा. लवकर दगावलेल्या तिघांत त्याच जागी व्रण धरायची सुरुवात दिसत होती.

मी तो निबंध वाचताना या वर्णनापाशी थांबलो, कारण ते मला ओळखीचं होतं. आम्ही काळा दगड फोडतो तो याच नियमाने. लोकांना वाटतं सुरुंग दगडाला दाबून फोडतो. दाबाला काळा दगड अतिशय दणकट. भोकातून निघालेली लाट दगडाच्या मोकळ्या तोंडापर्यंत जाते. तिथे दगड संपतो, हवा सुरू होते. त्या सीमेवरून लाट उलटी फिरते आणि फिरताना दाबाची ओढ होते. ओढीला तोच दगड दहापट कच्चा. म्हणून तो तोंडाकडून पापुद्रे निघत फुटतो. जिथे एक पदार्थ संपून दुसरा सुरू होतो तिथे लाट आपलं ओझं टाकते, एवढाच नियम. सोनोग्राफी त्यावरच चालते. मेंदू म्हणजे अशा सीमांनी भरलेली जागा: पाणी, करडं, पांढरं, रक्तवाहिनी, पोकळी. स्फोटाच्या लाटेने आपली सही नेमकी तिथेच करावी यात मला तरी आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य हे, की ती वाचायला २०१६ उजाडलं.

त्या निबंधातली आणखी एक गोष्ट मी ताईला दोनदा वाचून दाखवली. व्रण सापडलेल्या पाचही जणांना जिवंतपणी आघातोत्तर तणावाचं निदान झालेलं होतं. म्हणजे ज्यांचं दुखणं मनाचं म्हणून नोंदलं गेलं, त्यांच्या मेंदूत भिंग लावून दिसणारी खूण होती. यावरून मन खोटं ठरत नाही. पाच माणसांवरून सगळ्या सैन्याचा निवाडाही करता येत नाही, आणि व्रण आहे म्हणून रागही त्यानेच आला असं म्हणणं ही उडी झाली. पण ‘डब्ल्यू’ आणि ‘एस’ असे दोन रकाने आखणारा कारकून मात्र चुकलेला होता, इतकं त्यातून नक्की निघतं.

अडचण अशी की हे व्रण नेहमीच्या स्कॅनमध्ये दिसत नाहीत. ते पाहायला मेंदूचा काप काढून रंगवावा लागतो. जिवंत माणसात माग काढण्याचे प्रयत्न चालू आहेत. २०२४ मध्ये अमेरिकेच्या विशेष दलांतल्या तीस जणांची तपासणी प्रसिद्ध झाली. स्फोटांशी संबंध जितका जास्त तितका कपाळामागच्या, भावनांना लगाम घालणाऱ्या एका भागात फरक जास्त, असं त्यात दिसलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्या संरक्षण खात्याने ४ पीएसआयची खूण आणि नव्या भरतीची आकलनक्षमतेची चाचणी यांबद्दल आदेश काढला. म्हणजे आधी कसा होता याची नोंद ठेवायची, मग नंतरचा फरक कळतो. आम्ही सुरुंग लावण्याआधी आसपासच्या घरांच्या जुन्या तड्यांचे फोटो काढून ठेवायचो, तेच हे. आणि तोवर? जानेवारी २०२० मध्ये इराणची क्षेपणास्त्रं इराकमधल्या, अमेरिकी सैनिक असलेल्या अल-असद तळावर पडली तेव्हा पहिल्या दिवशी कुणाला इजा नाही असं जाहीर झालं. पुढच्या आठवड्यांत मेंदूच्या इजेचा आकडा शंभरावर गेला, आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी मध्येच ‘डोकेदुखी’ म्हणून ते उडवून लावलं. आमच्या गावाने निदान दारूचा तरी संशय घेतला होता.

इथे माझ्याच बाजूचं थोडं खोडून काढतो. द्रासमध्ये फक्त तोफा नव्हत्या. विरळ हवा होती, समोरून येणारे गोळे होते, ओळखीची माणसं गेली होती, झोप नव्हती. भावोजींच्या डोक्यात बोफोर्सने काय केलं हे त्यांच्या हयातीत कुणी सिद्ध करून देणार नाही. आणि स्फोटाच्या नावाने सरसकट ओरड करायलाही मी तयार नाही. जत्रेला, चर्चच्या फेस्ताला गर्नाल, म्हणजे दारू ठासून उडवायचा मोठा बार, वाजते, दिवाळीत नरकासुराच्या पुतळ्याच्या पोटात फटाके भरतात. त्याने कानाचं आणि कुत्र्यांचं जे व्हायचं ते होतं, पण वर्षातून दोन-चारदा मोकळ्या मैदानात वाजलेली गर्नाल आणि तोफेशेजारी काढलेले महिने यांना एका मापात बसवणं हा अडाणीपणा आहे. भावोजी जत्रेच्या रात्री आमच्याकडे झोपायला येतात, ते डोक्याचं नुकसान टाळायला नाही. आवाज झाला की अंग आपोआप गोळा भरायच्या पवित्र्यात जातं आणि चारचौघांत ते त्यांना नको असतं.

हे सगळं मी त्यांना समजावून सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. ते चिडले. ‘माझा राग माझा आहे. तो तोफेच्या नावावर लावू नकोस. तोफेने आम्हाला वाचवलं.’ ताई आतून म्हणाली, ‘तुमचा असेल, पण ऐकायला मीच होते ना इतकी वर्षं? मला चालेल तोफेच्या नावावर लावलेला.’ दोघांना एकच निबंध वाचून दाखवला होता. तिला त्यातून माणूस परत मिळाल्यासारखं झालं, आणि त्यांना आपल्याकडून काहीतरी काढून घेतल्यासारखं. कुणाचीही समजूत घालायला मी गेलो नाही.

पण त्यांनी मनात काहीतरी धरलं असावं. आमच्या वाड्यावरचा एक मुलगा यंदा अग्निवीर म्हणून तोफखान्यात निवडला गेला, नाशिक रोडला ट्रेनिंग. पाया पडायला आला तेव्हा भावोजींनी त्याला ओसरीवर बसवून घेतलं. बोळे नेहमी जपून ठेव, खिशात दुसरी जोडी असू दे. उस्तादांनी जिथे उभं राहायला सांगितलं असेल तिथून नळीच्या बाजूला पाऊल पुढे टाकायचं नाही, कितीही घाई असली तरी. काम नसेल तेव्हा तोफेजवळ उगाच रेंगाळायचं नाही. डोकं दुखलं, गरगरलं तर डॉक्टरला सांगायचं, हसतील तर हसू दे. आणि तारीख घालून रोजचे किती गोळे झाले ते लिहून ठेव.

मुलगा म्हणाला, फोनमध्ये लिहितो.

‘फोन कधी काढून घेतील त्याचा नेम नाही,’ भावोजी म्हणाले. ‘वही घे. आणि एक प्रत आईकडे पाठवत जा.’